‘पांडव’ तोच, घराणे मात्र नवे

न्हावा शेवा : बागेतल्या सायकसला नवी पालवी फुटावी आणि चार दिवसांत तिचा चोथा व्हावा, हा अनुभव अनेक बागप्रेमींना आहे. हा उद्योग असतो ‘प्लेन्स क्यूपिड’ या फुलपाखराच्या अळ्यांचा. पंखविस्तार जेमतेम तीन सेंटिमीटर, नराचा रंग जांभळट निळा, मागच्या पंखाला केसासारखी बारीक शेपटी. उरण-नवी मुंबईच्या पट्ट्यात ते सहज दिसते. फुलपाखरू जुनेच असले, तरी त्याचे शास्त्रीय नाव बदलले आहे. बहुतेकांच्या माहितीतले ‘चिलाडेस पांडवा’ आता ‘ल्युथ्रोडेस पांडवा’ या नावाने ओळखले जाते.

हा बदल समजण्यासाठी आधी परिभाषा पाहावी लागते. शास्त्रीय नावात दोन पदे असतात. दुसरे पद जातीचे, तर पहिले प्रजातीचे, म्हणजे निकटच्या जातींच्या समूहाचे. ‘पांडवा’ हे जातिनाम थॉमस हॉर्सफिल्ड यांनी १८२९ मध्ये दिले. मूळचे अमेरिकी डॉक्टर असलेल्या हॉर्सफिल्ड यांनी जावा बेटावर अनेक वर्षे काढली होती. तिथल्या नाट्यपरंपरेत महाभारत आजही जिवंत आहे, हे लक्षात घेतले की नावाचे फारसे नवल वाटत नाही. हे जातिनाम कायम राहिले. प्रजातीचे नाव मात्र सतत बदलत गेले. हॉर्सफिल्ड यांनी ते ‘लायसीना’मध्ये ठेवले, बिंगहॅम यांच्या १९०७ च्या ग्रंथात ते ‘कॅटोक्रिसॉप्स’ झाले आणि पुढे ‘चिलाडेस’मध्ये येऊन विसावले.

‘चिलाडेस’ ही प्रजाती फ्रेडरिक मूर यांनी १८८१ मध्ये उभी केली, ती ‘लाइम ब्ल्यू’ या लिंबूवर्गीय झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखराला आधार मानून. कालांतराने तिच्यात बरीच भरती झाली. सायकसवर वाढणारा ‘पांडवा’ आला, तसा रानातल्या बुटक्या शेंगावर्गीय रोपट्यांवर वाढणारा ‘ग्रास ज्युएल’ही अनेक अभ्यासकांनी तिथेच आणला. ‘ग्रास ज्युएल’ची गणना भारतातील सर्वांत लहान फुलपाखरांत होते. पंखांची नक्षी आणि नराच्या जननेंद्रियांची रचना ही वर्गीकरणाची जुनी साधने. पण नीळ कुळातील ही चिमुकली मंडळी एकमेकांसारखी इतकी दिसतात, की या साधनांवर मतभेद अटळ होते.

२०१३ मध्ये गेरार्ड तलावेरा, व्लादिमिर लुख्तानोव्ह, नाओमी पियर्स आणि रॉजर विला यांनी या फुलपाखरांच्या डीएनएवरून वंशवृक्ष मांडला. (नीळ फुलपाखरांच्या स्थलांतराविषयीचा कादंबरीकार व्लादिमिर नाबोकोव्ह यांचा १९४५ चा तर्क खरा ठरवणाऱ्या २०११ च्या अभ्यासातही यांपैकी पियर्स आणि विला होते.) ‘चिलाडेस’च्या छपराखाली प्रत्यक्षात तीन स्वतंत्र घराणी नांदत होती, असे त्यातून पुढे आले. लाइम ब्ल्यू ‘चिलाडेस’मध्येच राहिले. ग्रास ज्युएलला ‘फ्रेयेरिया’ हे १९२० चे नाव परत मिळाले. पांडवा आणि त्याचे भाऊबंद ‘ल्युथ्रोडेस’मध्ये गेले. हे नावही नवे नव्हे. ड्रूस यांनी ते १८९५ मध्येच दिले होते. एका गटाला अनेक नावे असतील तर सर्वांत आधीचे ग्राह्य, या प्राणिनामकरणाच्या नियमाने त्याचा मान राखला गेला.

मात्र शाखा कुठे तोडायची, हे डीएनए सांगत नाही. वंशवृक्षातील कोणत्या फांदीला प्रजाती म्हणायचे, हे माणूसच ठरवतो. या संशोधकांनी काळाची कसोटी लावली. फारकत ५० लाख वर्षांहून जुनी असेल तर प्रजाती वेगळी, ४० लाखांहून अलीकडची असेल तर एकच, आणि मधल्या टप्प्यात शक्यतो रूढ नाव कायम. ही सीमा काहीशी मनमानी आहे, हे मान्य करावे लागेल. पण प्रत्येक अभ्यासकाने आपापल्या नजरेने रेषा ओढण्यापेक्षा ती नक्कीच बरी.

अभ्यासकांच्या या काथ्याकुटाशी न्हावा शेव्याचा संबंध काय? सायकस ही शोभेची वनस्पती जगभर विकली जाते आणि तिच्या पालवीतून अंडी-अळ्याही प्रवास करतात. मूळच्या दक्षिण व आग्नेय आशियातल्या या फुलपाखराने मॉरिशस, मादागास्कर, इजिप्तपर्यंत मजल मारली आहे. ग्वाम बेटावर ते २००५ मध्ये पोहोचले आणि तिथल्या स्थानिक सायकसवर खवले किडीपाठोपाठ आणखी एक संकट ओढवले. सायकसचे सर्व प्रकार ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराखाली असल्याने त्यांच्या व्यापारावर निर्बंध आहेतच. त्याखेरीज न्हावा शेव्यासारख्या बंदरांत उतरणाऱ्या रोपांना २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार परवाना, निर्यातदार देशाचे आरोग्य प्रमाणपत्र आणि तपासणी लागते.

अशा तपासणीत किडीची ओळख पटते ती शास्त्रीय नावानेच. तैवानमधील या फुलपाखराच्या स्थानिक आणि बाहेरून आलेल्या वंशांचा छडा लावणारा २०१० चा शोधनिबंध ‘चिलाडेस पांडवा’ या नावाने छापलेला आहे. केवळ ‘ल्युथ्रोडेस’ शोधणाऱ्याच्या हाती तो लागणार नाही. उलट फक्त जुने नाव शोधणाऱ्याला अलीकडच्या नोंदी निसटतील. म्हणूनच याद्यांत नव्या नावापुढे जुने नाव देणे सोयीचे ठरते. शिवाय एक खूण दोन्ही नावांत सारखी आढळते. हॉर्सफिल्ड यांचे नाव आणि १८२९ हे साल नेहमी कंसात छापलेले असते. जातीचे पहिले वर्णन आजच्या प्रजातीत नव्हे, दुसऱ्याच प्रजातीत झाले होते, एवढाच त्या कंसाचा अर्थ.