पाच रुपयांच्या पुड्याचा हिशेब

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजी या शहरांत मागावर पोट असलेल्या घरांना सवड कशी ती ठाऊक नाही. माग दोन पाळ्यांत चालतात. पुरुष कारखान्यात किंवा पेढीवर असतो, माताभगिनी घरचे काम आटोपून कांड्या भरायला बसतात. मूल शाळेतून येते आणि अर्ध्या तासात त्याला मक्तबला जायचे असते. या अर्ध्या तासात त्याने काय खावे, याची फिकीर करायला कुणाजवळ वेळ नसतो. हातावर पाच रुपये ठेवले की आपण मोकळे. मूल कोपऱ्यावरून कुरकुरीत पुडा आणते, वर कपभर चहा पिते आणि सबक घ्यायला जाते.

आपण व्यापारी माणसे. ठाण घेताना पन्हा मोजतो, वजन करतो, सूत पारखतो. मग हीच नजर या पुड्यावर का पडू नये? पुडा उलटा करून वजन वाचावे. ५ रुपयांत १० ग्रॅम माल असेल तर भाव किलोला ५०० रुपये झाला! आपल्या बाजारात फुटाणे आणि शेंगदाणे किती रुपये किलो मिळतात, ते प्रत्येकाने स्वतः ताडून पाहावे. शिवाय पुड्यात असते काय? मुख्यतः पीठ, तेल आणि मीठ. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसानेही दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. मुलाला तर त्याहून कमी पुरे.

उलट १०० ग्रॅम फुटाण्यांत सुमारे २० ग्रॅम आणि शेंगदाण्यांत सुमारे २५ ग्रॅम प्रथिने असतात. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम मिळतात. वाढत्या अंगाला हाच माल हवा.

वेळ नाही, ही अडचण खरी आहे. पण तिच्यावर तोड आहे. आठवड्याच्या सुट्टीला तासभर काढून शेंगदाणे भाजावेत, कुटून थोड्या गुळात किंवा बिया काढलेल्या खजुरात लाडू वळावेत. डबा भरला की आठवडा निघतो. मटकी सकाळी भिजत घालावी, रात्री ओल्या फडक्यात बांधावी. दुसऱ्या दिवशी मोड येतात. ती वाफवून कांदा, टोमॅटो आणि लिंबू घातले की झाले. चुरमुरे, फुटाणे, काकडी आणि लिंबू यांची भेळ पाच मिनिटांत होते. अंडी सकाळच्या चहाबरोबरच उकडून ठेवता येतात. काहीच जमले नाही तर केळे आहेच. मात्र चार-पाच वर्षांखालील मुलाला अख्खे दाणे किंवा फुटाणे देऊ नयेत, घशात अडकण्याचा धोका असतो. कुटून द्यावेत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी ६७ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी आढळले. कडधान्यातील लोह लिंबामुळे अंगी लागते आणि चहामुळे वाया जाते. म्हणून खाण्याबरोबरचा मुलांचा चहा बंद करावा. रक्त कमी असलेले मूल लवकर थकते, त्याचे धड्यात लक्ष लागत नाही. मग आपण त्याला आळशी म्हणतो.

किराणा, बेकरी आणि भेळेच्या धंद्यातील बंधूंनाही दोन शब्द. २०२० च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ किंवा साखरेचे पदार्थ मुलांना विकायला मनाई आहे. तेथे फुटाणे, उकडलेले चणे, चिक्कीचे छोटे तुकडे आणि फळे ठेवावीत. माल स्वच्छ, झाकलेला आणि वजनाला पुरा असावा. आज दोन पैसे कमी सुटतील, पण मुलाच्या आईचा विश्वास बसला की गिऱ्हाईक वर्षानुवर्षे टिकते.

आपली मेहनत, रात्रपाळी, उधारीची चिंता, हे सारे मुलांसाठीच चालले आहे. ज्यांच्यासाठी कमावतो त्यांनाच आपण सर्वांत हलका माल सर्वांत महाग भावाने खाऊ घालावा, हा कुठला व्यापार? येत्या सुट्टीला घरात एक डबा भरून ठेवावा. पुढच्या महिन्याचा हिशेब आपोआप समोर येईल.