नुसतं बोलायचंय, नेट कशाला?

काशीगावात आमच्या इमारतीखाली मोबाइल रिचार्ज करून देणारं एक छोटंसं दुकान आहे. २०२४ च्या जुलै महिन्यात मोबाइलचे दर वाढले, त्यानंतरची ही गोष्ट. गावठाणातल्या एक आजी हातात बटणांचा फोन घेऊन तिथे उभ्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "भाई, तुम्ही शिकलेली माणसं, या पोराला जरा समजवा. मला नुसतं बोलायचंय. वसईच्या लेकीला फोन लावला, दोन गोष्टी बोलले, झालं. हा म्हणतो, त्याच्याबरोबर दोन जीबी नेट घ्यावंच लागतं."

दुकानदार पोरगा हसून म्हणाला, "आजी, नेट म्हणजे जाळं."

"मग जाळं घेऊन मी काय करू? खाडीत टाकू?" आजी म्हणाल्या.

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी आल्यावर तो प्रश्न डोक्यातून जाईना. ज्या फोनवर इंटरनेट चालतच नाही, त्या फोनसाठी इंटरनेटचे पैसे का भरायचे? मी काही इंजिनिअर नव्हे, साधा बी.ए. झालेला आणि कविता लिहिणारा माणूस आहे. पण या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता जे हाती लागलं, ते तुमच्यापुढे ठेवतो.

आधी जुना फोन कसा चालायचा ते पाहू. मिरा-भाईंदरचा टेलिफोन मुंबईचा, म्हणजे ०२२ चा. खाडी ओलांडली की वसईचा ०२५०. आपण नंबर फिरवला की एक्स्चेंजमधून त्या घरापर्यंत एक वाट जोडली जायची. बोलणं संपेपर्यंत ती वाट फक्त त्या दोघांची. मध्ये दोघं गप्प बसले तरी वाट अडलेलीच. म्हणून मिनिटाचा हिशेब असायचा आणि अंतराचाही.

इंटरनेटची रीत वेगळी. ती आपल्या मुंबईच्या डबेवाल्यांसारखी. एका डब्यासाठी स्वतंत्र गाडी सुटत नाही. शेकडो डबे एकाच लोकलमधून जातात, प्रत्येकावर खूण असते आणि त्या खुणेवरून ज्याचा त्याला पोचतो. इंटरनेटवर पत्र, फोटो, सिनेमा, गाणं या सगळ्यांचे बारीक तुकडे करतात, प्रत्येक तुकड्यावर पत्ता घालतात आणि पलीकडे ते पुन्हा जुळवतात. आवाजाचंही तेच. आपल्या बोलण्याचे सेकंदाला पन्नास तुकडे होऊन जातात आणि पलीकडच्या कानाला त्याचा पत्ताही लागत नाही.

एकदा आवाजाचे असे डबे झाले की फोन कंपनी आणि इंटरनेट कंपनी यांच्यातली भिंत पडलीच म्हणायची. तासाभराचं बोलणं जेवढी जागा घेतं, तेवढी जागा व्हिडिओ एखाद-दोन मिनिटांत खाऊन टाकतो. बोलणं हा इंटरनेटच्या गाडीतला सगळ्यात हलका डबा. मग इंटरनेटवाल्यांनी विचार केला, हा डबाही आपणच का नेऊ नये?

आपल्या देशात मोबाइलवरचं पहिलं संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी झालं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. दोन भावंडं जवळपास एकाच वेळी जन्मली, पण वाढली वेगवेगळ्या घरांत. मोबाइलवर तेव्हा मिनिटाला १६ रुपयांपर्यंत दर होता आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. सरकारनेही दोघांसाठी वेगवेगळे परवाने ठेवले. १ एप्रिल २००२ पासून इंटरनेटवरून बोलायला परवानगी मिळाली, पण मर्यादित. संगणकावरून देशातल्या साध्या फोनला फोन लावणं त्यात बसत नव्हतं. ती मोकळीक २०१८ साली आली.

ही भिंत खऱ्या अर्थाने पाडली ती एका लिलावाने. २०१० च्या जून महिन्यात वेगवान इंटरनेटसाठीच्या रेडिओलहरींचा, म्हणजे स्पेक्ट्रमचा, लिलाव संपला. देशातल्या सर्व २२ विभागांत बोली जिंकणारी कंपनी एकच होती, इन्फोटेल ब्रॉडबँड. इंटरनेट पुरवण्याचा परवाना असलेली, नाव फारसं कुणाला माहीत नसलेली ही छोटी कंपनी. तिने बोली लावली सुमारे १२,८४८ कोटी रुपयांची! आणि लिलाव संपला त्याच दिवशी मुंबईच्या रिलायन्स इंडस्ट्रीजने ४,८०० कोटी रुपये गुंतवून तिचा ९५ टक्के हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं.

पण हा परवाना इंटरनेटचा होता, बोलण्याचा नव्हता. २०१३ साली सरकारने नवी एकत्रित परवाना पद्धत आणली आणि १,६५८ कोटी रुपये भरून त्याच स्पेक्ट्रमवर बोलण्याची सेवा द्यायला मुभा दिली. ही रक्कम २००१ सालच्या दराने ठरवली होती. २०१५ साली महालेखापालांच्या अहवालाने यावर बोट ठेवलं आणि कंपनीला ३,३६७ कोटी रुपयांचा अवाजवी लाभ झाल्याचं म्हटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१६ साली न्यायालयाने परवानगी रद्द करण्याची मागणी फेटाळली.

तोवर इन्फोटेलचं नाव बदलून रिलायन्स जिओ झालं होतं. नवी मुंबईतल्या घणसोलीहून कारभार चालणाऱ्या या कंपनीने ५ सप्टेंबर २०१६ रोजी सेवा सुरू केली. तिच्याकडे जुन्या पद्धतीची फोनची वाटच नव्हती. सारं जाळं इंटरनेटचं, आणि बोलणं हा त्यातला एक डबा. म्हणून तिला म्हणता आलं की पैसे इंटरनेटचे घेऊ, बोलणं फुकट. १७० दिवसांत १० कोटी ग्राहक झाल्याचं तिने जाहीर केलं.

बाकीच्या कंपन्यांचा धंदा बोलण्याच्या मिनिटांवर उभा होता. त्यांच्यात आणि नव्या कंपनीत पहिलं भांडण लागलं ते दारावरून. माझ्या कंपनीतून तुमच्या कंपनीत फोन जायचा तर मध्ये दार लागतं. पुरेशी दारं उघडली नाहीत म्हणून दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये तीन जुन्या कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपये दंडाची शिफारस केली. दुसरं भांडण दारावरच्या पट्टीचं. दुसऱ्याचा फोन आपल्या जाळ्यात घेण्याबद्दल मिनिटाला १४ पैसे मिळत. ते २०१७ च्या ऑक्टोबरपासून ६ पैसे झाले आणि २०२१ च्या जानेवारीपासून शून्य.

या लढाईत किती नावं गेली पाहा. रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाइल सेवा आवरली, एअरसेल दिवाळखोरीत गेली, टाटांचा मोबाइल धंदा एअरटेलकडे गेला, व्होडाफोन आणि आयडिया २०१८ साली एक झाल्या. खाजगी क्षेत्रात देशभर सेवा देणाऱ्या तीनच कंपन्या उरल्या.

आता दुसरी बाजू. परदेशी इंटरनेट कंपन्याही या वाटेवर आल्या होत्या. फेसबुकने २०१५ च्या फेब्रुवारीत काही राज्यांत एक योजना आणली, त्यात आपला महाराष्ट्रही होता. सोबत एक फोन कंपनी. निवडक संकेतस्थळं फुकट पाहा, मराठीतसुद्धा! वरवर पुण्याचं काम. पण ती निवडणार कोण? मी आयुष्यभर छोट्या नियतकालिकांत लिहीत आलो. यादी करणाऱ्याच्या यादीत आपलं नाव नसलं तर काय होतं, ते मला ठाऊक आहे. रस्त्याचा मालक आणि दुकानाचा मालक एक झाला की बाकीच्या दुकानांपर्यंत गिऱ्हाईक पोचतच नाही. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकूर पाहून वेगवेगळा दर लावायला बंदी केली आणि ती योजना थांबली.

गुगलने रेल्वेच्या रेलटेलबरोबर स्टेशनांवर फुकट वायफाय दिलं. त्याची सुरुवात २०१६ च्या जानेवारीत आपल्या मुंबई सेंट्रलवरून झाली. २०२० साली गुगलने त्यातून अंग काढून घेतलं. एव्हाना मोबाइलवरचं इंटरनेटच स्वस्त झालं होतं. पण मग स्वतः खांब न रोवता या कंपन्या खांबवाल्यांच्या भागीदार झाल्या. २०२० च्या एप्रिलमध्ये फेसबुकने जिओच्या मूळ कंपनीत ४३,५७४ कोटी रुपये घालायचं ठरवलं. जुलैमध्ये गुगलने ३३,७३७ कोटी. २०२२ च्या जानेवारीत त्याच गुगलने एअरटेलमध्येही १०० कोटी डॉलरपर्यंत गुंतवणूक जाहीर केली.

हे सगळं वाईटच झालं असं मी म्हणणार नाही. माझा भाऊ कुवेतला होता तेव्हा आम्ही बूथवर जायचो. समोरच्या यंत्रावर लाल आकडे पळायचे आणि आमचं लक्ष आवाजापेक्षा त्या आकड्यांकडेच असायचं. आई म्हणायची, "रडू नको रे, पैसे पडतायत." आज कोकणातल्या मुस्लिम वस्त्यांत आखातातल्या मुलाचं तोंड पाहूनच आई बोलते, आणि रडायचं तेवढं रडते. हे दिवस इंटरनेटने आणले.

पण एक गोष्ट नीट ध्यानात घ्यायला हवी. बोलणं फुकट झालं असं आपण म्हणतो, पण ते फुकट झालं नाही, दुसऱ्या वस्तूच्या पुडीत बांधलं गेलं. पूर्वी बोलणाऱ्याच्या पैशावर जाळं चालायचं, आता इंटरनेट घेणाऱ्याच्या पैशावर चालतं. म्हणून ज्याला नुसतं बोलायचं आहे, त्यालाही पुडी अख्खीच घ्यावी लागू लागली. कंपन्या कमी झाल्यावर दरही चढले, २०१९ मध्ये, २०२१ मध्ये आणि २०२४ मध्ये. कमी पैशात चालवणाऱ्याला, म्हाताऱ्या माणसाला, ती वाढ जास्त बोचते.

आजींच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे. आणि तो प्रश्न त्यांच्या एकट्यांचा नव्हता. २३ डिसेंबर २०२४ रोजी ट्रायने नियम बदलला. फक्त बोलणं आणि एसएमएस असलेला, इंटरनेट नसलेला निदान एक पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे आणि अशा खास पॅकची मुदत ३६५ दिवसांपर्यंत असू शकते, असं सांगितलं. २०२५ च्या जानेवारीत कंपन्यांनी तसे पॅक आणलेही.

वर्तमानपत्रात ते वाचून मी आजींना घेऊन दुकानात गेलो. पोराने आधी नेहमीचाच पॅक पुढे केला. मी म्हटलं, "बाबा, नेट नसलेला दाखव." त्याने फोनमध्ये बराच वेळ शोधलं, शेवटी सापडला. पैसे एकदम भरायचे होते, ते आजींना जड गेले. पण वारंवार रिचार्जची कटकट मिटली.

तुमच्या घरात, शेजारात असं बटणांचा फोन वापरणारं कुणी असेल, तर त्यांच्यासाठी एवढं करा. दुकानात जाऊन नेट नसलेला पॅक मागा आणि दर दिवशी काय पडतं ते दोन्हींचं ताडून पाहा. तो आपणहून कुणी दाखवत नाही, मागावा लागतो.

आजींनी तिथेच उभं राहून वसईला फोन लावला. म्हणाल्या, "अगं, आता नुसतं बोलायचं घेतलंय. बोल, काय केलंस जेवायला?"