स्टिअरिंग अचानक जड झालं तर?

अंजनवेलला गोपाळगडाकडे वळणं घेताना स्टिअरिंग एका बोटावर फिरतं, ते पॉवर स्टिअरिंगमुळे. आजच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगच्या दांड्यावरचा सेन्सर हाताचा जोर मोजतो आणि विजेची मोटर त्यात भर घालते. सेन्सर, मोटर किंवा वायरिंग बिघडलं की ही मदत थांबते. चाकांशी असलेला यांत्रिक जोड मात्र शाबूत राहतो. स्टिअरिंग वळतं, पण जड. वेग कमी असेल तेव्हा फारच जड. घोटाळा होतो तो चालक दचकल्यामुळे. दोन्ही हातांनी जोर लावा, वेग उतरवा. इंजिन मात्र चालत्या गाडीत बंद करू नका, नाहीतर ब्रेकही जड होतील.

असा दोष निघाला की कंपनी दुरुस्तीसाठी गाड्या परत बोलावते, तो रिकॉल. पण रिकॉल झाला म्हणजे दोष गेला, असं नाही. जनरल मोटर्सने 2010 मध्ये अमेरिकेत पॉवर स्टिअरिंगसाठी गाड्या परत बोलावल्या. 2014 च्या सुमारे 13 लाख गाड्यांच्या रिकॉलमध्ये त्याच जुन्या दुरुस्तीत बसवलेले काही भाग पुन्हा बदलावे लागले! दुरुस्तीच सदोष, याला काय म्हणावं?

आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने रिकॉलचं कलम 110अ आलं. रिकॉलनंतरही स्टिअरिंग अडखळलं, तर सर्व्हिस सेंटरच्या जॉबकार्डवर तसं लिहून घ्या आणि त्याची प्रत मागा.