मेनफ्रेम संगणक : पांढुर्णा-सौंसरच्या विद्यार्थ्यांसमोरील एक दुर्लक्षित वाट

पांढुर्णा आणि सौंसर भागातील बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या दृष्टीने संगणक-शिक्षण म्हणजे डी.सी.ए. किंवा पी.जी.डी.सी.ए.चे प्रमाणपत्र आणि त्यानंतर शासकीय नोकरीसाठी सी.पी.सी.टी.ची परीक्षा. जागा थोड्या आणि उमेदवार अनेक, त्यामुळे प्रमाणपत्र हाती असूनही वर्षे वाट पाहण्यात जातात. या चाकोरीबाहेरील एका क्षेत्राचा परिचय प्रस्तुत लेखात करून दिला आहे.

मेनफ्रेम म्हणजे काय?

मेनफ्रेम आणि महासंगणक एक नव्हेत. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेला 'परम ८०००' हा महासंगणक होय. हवामानासारखी प्रचंड गणिते सोडविणे हे अशा यंत्राचे काम. मेनफ्रेमचे काम हिशेबाचे आहे. हजारो माणसे एकाच वेळी पैसे काढत, भरत किंवा तिकीट आरक्षित करीत असता प्रत्येक नोंद बिनचूक ठेवणे आणि यंत्र बंद पडू न देणे हा त्याचा धर्म. आय.बी.एम.ने ७ एप्रिल १९६४ रोजी 'सिस्टिम/३६०' ही मालिका जाहीर केली. तिच्याच वंशातील 'झेड १७' हे यंत्र २०२५ मध्ये आले. जुन्या आज्ञावल्या नव्या यंत्रावर चालाव्यात हे धोरण कंपनीने जपले. म्हणूनच जगातील अनेक मोठ्या बँका आणि विमा कंपन्या आजही मेनफ्रेमवर विसंबून आहेत.

भाषा आणि भीती

या यंत्राची प्रमुख भाषा कोबोल. ती १९५९-६० मध्ये घडली आणि तिच्यावर ग्रेस हॉपर या विदुषीच्या कार्याची छाप आहे. व्यवहारातील माणसाला वाचता यावी म्हणून तिच्यात 'ॲड', 'मूव्ह', 'परफॉर्म' असे साधे इंग्रजी शब्द योजले आहेत. घरी उर्दू वा मराठी, शाळेत बहुधा हिंदी अशा तीन भाषांत वावरणाऱ्या मुलामुलींना चौथ्या भाषेचे व्याकरण अवघड वाटू नये. 'अल्गोरिदम' हा शब्दच मुळी नवव्या शतकात बगदादमध्ये कार्य करणाऱ्या अल-ख्वारिज्मी यांच्या नावावरून आला आहे, हेही त्यांना सांगितले पाहिजे.

संधी आणि मर्यादा

१९६८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या टी.सी.एस.ने १९७४ मध्ये बरोज कंपनीचा संगणक आणून परदेशी ग्राहकांची कामे हाती घेतली. भारतीय सॉफ्टवेअर उद्योगाची वाढ अशाच कामांतून झाली. एप्रिल २०२० मध्ये बेरोजगारांच्या अर्जांनी यंत्रणेवर ताण आला, तेव्हा अमेरिकेतील न्यू जर्सीच्या गव्हर्नरांना कोबोल जाणणाऱ्यांना मदतीचे जाहीर आवाहन करावे लागले. जुने जाणकार निवृत्त होत असल्याने आज्ञावलीकार, चाचणी-तज्ज्ञ, डेटाबेस व्यवस्थापक आणि सिस्टिम प्रोग्रामर यांची गरज भासते.

मात्र दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. काही संस्था मेनफ्रेम सोडून क्लाउडकडे वळत आहेत. कोबोलचे जावात रूपांतर करण्यास साहाय्य करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही आली आहेत. शिवाय नवख्या उमेदवाराला कोणते काम द्यायचे, हे बहुधा कंपनीच ठरवते. म्हणून कोबोलसोबत जावा, पायथॉन आणि एस.क्यू.एल. यांपैकी काही तरी आलेच पाहिजे. हमखास नोकरीचे आश्वासन देऊन भरमसाट शुल्क घेणाऱ्या वर्गांपासून सावध राहावे.

सुरुवात कशी करावी?

बी.सी.ए. अथवा बी.एस्सी.च्या पदवीधरांनाही निवडून स्वतः प्रशिक्षण देणाऱ्या कंपन्या आहेत. आय.बी.एम.चा 'झेड एक्सप्लोर' आणि ओपन मेनफ्रेम प्रोजेक्टचा कोबोल अभ्यासक्रम विनामूल्य आहे. घरबसल्या खऱ्या मेनफ्रेमवर सराव करता येतो. मुलींना बाहेरगावी पाठविण्यास कचरणाऱ्या पालकांनी याचा अवश्य विचार करावा. पुढे नोकरीसाठी नागपूर जवळच आहे.

पांढुर्णा ऑक्टोबर २०२३ मध्ये जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यातील शिक्षकांनी, विशेषतः अल्पसंख्याक शिक्षणसंस्थांनी, पदवीच्या पहिल्याच वर्षी विद्यार्थ्यांना ही माहिती द्यावी. प्रमाणपत्र हा शिक्षणाचा शेवट नसून प्रारंभ आहे, एवढे त्यांच्या मनावर ठसले तरी पुष्कळ साधेल.