हेड ऑफिस कुठे बसतं?

मागच्या खेपेला गटाची बैठक झाली, हिशेब लिहून झाला, चहा आला आणि एका वहिनींनी विचारलं, "आमच्या कुडाळाक येखाद्या मोठ्या कंपनीचा हेड ऑफिस येतला काय गो? मगे तरी पोरां मुंबैक जावची थांबतली." काहीजणी हसल्या. पण प्रश्न हसण्यासारखा नाही. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 8 लाख 68 हजार होती, 2011 मध्ये ती 8 लाख 49 हजार झाली. माणसं वाढायच्या ऐवजी कमी झाली. म्हणून आज आपण याच प्रश्नावर बोलूया.

आधी हेड ऑफिस, म्हणजे मुख्यालय, काय असतं ते पाहू. कारखान्यात माल तयार होतो. मुख्यालयात निर्णय होतात: कच्चा माल काय भावाने घ्यायचा, नवीन कारखाना कुठे काढायचा, नफ्याचं काय करायचं. याचा अनुभव आपल्याला सरकारी कामात आहे. 1 मे 1981 ला सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्याआधी कलेक्टर कचेरीचं काम निघालं की मालवण-वेंगुर्ल्याच्या माणसाला रत्नागिरी गाठावी लागे. आता ओरोसला गेलं की भागतं. निर्णय घेणारा माणूस जवळ बसला की आपलं म्हणणं त्याच्या कानावर लवकर जातं.

कंपन्यांचं मात्र वेगळं असतं. कोकण रेल्वेचंच बघा. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग, 1998 मध्ये पूर्ण झाला. जमिनी कोकणातल्या गेल्या, बोगदे कोकणातल्या डोंगरांत खणले. पण 1990 मध्ये कंपनी स्थापन झाली तिचं मुख्यालय नवी मुंबईत, बेलापूरला आहे. रत्नागिरी आणि कारवारला विभागीय कार्यालयं आहेत. म्हणजे काम एका जागी आणि मुख्यालय दुसऱ्या जागी, असं सर्रास असतं.

मग कंपन्या जागा कशी निवडतात? अमेरिकेतल्या अॅमेझॉन कंपनीने 2017 मध्ये जाहीर केलं की आम्हाला दुसरं मुख्यालय काढायचंय, 50 हजार नोकऱ्या देऊ, शहरांनी अर्ज करावेत. 238 अर्ज आले. कंपनीला हवं होतं दहा लाखांहून जास्त वस्तीचं शहर किंवा शहरी परिसर, साधारण पाऊण तासात आंतरराष्ट्रीय विमानतळ, रेल्वे-बसची सोय आणि शिकलेली भरपूर माणसं. ही फूटपट्टी आपल्याला लावून पाहा. आपल्या सगळ्या जिल्ह्याची वस्ती दहा लाख नाही. चिपीचा विमानतळ ऑक्टोबर 2021 मध्ये सुरू झाला, शेजारी गोव्यात मोपाचा आहे, रेल्वे आहे. पण मोठ्या कंपनीला एका वेळी शेकड्याने लागणारे हिशेबनीस, वकील, इंजिनिअर इथे मिळणार नाहीत. आपलीच मुलं हे सगळं शिकतात आणि मुंबई-पुण्यात असतात. तेव्हा वहिनींच्या प्रश्नाचं खरं उत्तर असं, की एवढं मोठं मुख्यालय आयतं कुडाळला येण्याची आशा फार धरू नये.

आणि आलं तरी ते राहीलच असंही नाही. अॅमेझॉनने 2018 मध्ये न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनजवळचं आर्लिंग्टन अशा दोन जागा निवडल्या. न्यूयॉर्कमध्ये लोकांनी विचारलं, एवढ्या श्रीमंत कंपनीला कोट्यवधींच्या सवलती कशाला? विरोध वाढला आणि 2019 च्या फेब्रुवारीत कंपनीने तिथून माघार घेतली. आपल्या मुंबईतूनसुद्धा एअर इंडियाचं मुख्यालय 2013 मध्ये दिल्लीला गेलं.

मग लहान गावाने काय करावं? गुजरातमधल्या आणंदची गोष्ट ऐका. तिथल्या दूध उत्पादकांना व्यापारी देईल तो भाव घ्यावा लागे. दूध मुंबईला जायचं, फायदा मधल्यांचा व्हायचा. 1946 मध्ये शेतकऱ्यांनी त्रिभुवनदास पटेल यांच्या पुढाकाराने आपला संघ काढला. पुढे डॉ. व्हर्गीस कुरियन आले, अमूल उभं राहिलं. 1964 मध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री जवळच्या एका खेड्यात मुक्कामाला राहिले, लोकांशी बोलले. दुसऱ्या वर्षी राष्ट्रीय दुग्ध विकास मंडळ स्थापन झालं, त्याचं मुख्यालय दिल्लीत न ठेवता आणंदला ठेवलं. आधी गावाने स्वतःचं काम उभं केलं, मग देशाचं कार्यालय त्याच्या दारात आलं.

मात्र पाटी कुठे लागली एवढ्यावर सगळं ठरत नाही, मालकी कोणाची तेही बघावं लागतं. 1959 मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केलं. मुख्यालय मुंबईतच आहे, शाखा देशभर आहेत. पण पापड लाटणारी प्रत्येक बहीण मालकीण आहे, म्हणून नफ्यात तिचा वाटा असतो.

आपल्याकडेही सुरुवात झालेली आहे. देवगडच्या आंबा बागायतदारांची सहकारी संस्था आहे, तिचं कार्यालय तालुक्यातच, जामसंड्याला. देवगड हापूसच्या नावाने दुसरा आंबा खपू नये म्हणून फळावर सील लावायचं या संस्थेनं ठरवलं. हा निर्णय मुंबईच्या बाजारात झाला नाही, बागायतदारांच्या संस्थेत झाला.

कोकम, काजू, मासे यांत काम करणाऱ्या आपल्या गटांनाही वाट आहे. किमान दहा उत्पादक एकत्र आले तर उत्पादक कंपनी नोंदवता येते. भागधारक उत्पादकच असतात, संचालक किमान पाच लागतात आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता आपल्या गावचा देता येतो. दरवर्षी हिशेब तपासून घ्यावा लागतो, सभा घ्याव्या लागतात, कागदपत्रं वेळेत भरावी लागतात. हे काम कटकटीचं आहे, पण याच कामाला तुमची बी.कॉम. झालेली लेक किंवा सून गावात लागेल. दहा जणींच्या कंपनीने सगळी पोरं परत येणार नाहीत. एक-दोन नोकऱ्या मात्र इथे राहतील आणि भाव ठरवणारी खुर्ची आपली असेल.

पुढच्या बैठकीत एवढंच करा. तुम्ही विकता त्यातली एक वस्तू घ्या, सोलं घ्या, काजूगर घ्या, सुकी सुंगटं घ्या. तिचा भाव कोण ठरवतं आणि तो माणूस कुठे बसतो, हे वहीत लिहून काढा. मग त्या जागी आपल्यापैकी कोणी बसू शकेल का, यावर बोला. काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.