आईबापांच्या वियोगाचे दुःख

पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुक हे विनोबा भावे यांचे जन्मग्राम. तेथे भाव्यांच्या घरात एका अंध, निराधार वृद्धाचा सांभाळ होत असे. कुटुंब बडोद्यास गेल्यावर त्याच्या मृत्यूचे पत्र आले. पण घरात कोणी स्नान केले नाही, सुतकही धरले नाही. लहानग्या विनोबांनी कारण विचारले, तेव्हा आईने सांगितले की, तो आपला नातलग नव्हताच. शोकाचा विधी नात्यास बांधलेला असतो, माया मात्र तशी नसते, हे त्या मुलास अशा रीतीने कळले.

पुढे तोच प्रश्न अधिक कठोर रूपाने पुढे आला. १९१८ च्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्याच वर्षी विनोबांच्या मातोश्री रुक्मिणीबाई बडोद्यास अंथरुणास खिळल्या. विनोबा तेव्हा साबरमतीच्या आश्रमात होते. गांधीजींनी आग्रह केल्यावर ते शुश्रूषेस गेले. २४ ऑक्टोबरला मातोश्री निवर्तल्या. अंत्यविधी भटजींकडून न करविता स्वतः करावा, अशी तेवीस वर्षांच्या या पुत्राची इच्छा होती. घरच्यांस ती मान्य झाली नाही; तेव्हा ते स्मशानात गेलेच नाहीत.

पाहणाऱ्यास हा मुलगा निष्ठुर वाटला असेल. परंतु आईचे लुगडे आणि तिच्या पूजेतील अन्नपूर्णेची मूर्ती एवढ्या दोन वस्तू त्यांनी बरोबर नेल्या. ते लुगडे कित्येक वर्षे त्यांची उशी झाले. पुढे खादीचे व्रत घेतल्यावर त्यांनी ते साबरमतीच्या प्रवाहात सोडले. संस्कृत गीता समजत नाही, तू मराठीत का करीत नाहीस, असे आई म्हणाली होती. ७ ऑक्टोबर १९३० रोजी त्यांनी ‘गीताई’ आरंभिली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ती पुरी केली. शोक बारा वर्षे आत राहून कार्यरूपाने प्रकट झाला.

दीर्घ दुखण्यात मात्र शोकाची रीत निराळी असते. वैद्याने आशा सोडली की वियोग त्याच दिवशी सुरू होतो. १९४४ साली अमेरिकेतील डॉक्टर लिंडेमान यांनी मृत्यूपूर्वीच सुरू होणाऱ्या या शोकाचे वर्णन केले. रात्रीची जागरणे, औषधांच्या वेळा, पथ्याची पेज यांत महिने जातात. आणि अखेर श्वास थांबला की दुःखाबरोबर ‘सुटले एकदाचे’ ही भावनाही मनात येते. तिची लाज वाटून पुष्कळ मुलेमुली स्वतःस अपराधी मानतात. वास्तविक ही सुटका रुग्णाच्या यातनांपासूनची असते. ती प्रेमाची उणीव नव्हे.

दहा दिवसांचे सुतक, तेराव्याचे गोडाचे जेवण आणि वर्षश्राद्ध यांनी शोकास मुदत आणि सोबत दिली. शहरातील घरात ही सोबत लवकर ओसरते. पंधरवड्याने कचेरी सुरू होते आणि औषधांची रिकामी झालेली फळी पाहून एकट्याने रडावे लागते. असे रडू महिनोन्‌महिने अधूनमधून येणे स्वाभाविक आहे. परंतु सहा महिने किंवा वर्ष उलटूनही ते तितकेच तीव्र राहिले, व्यवहार बंद पडला किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर डॉक्टरांकडे जाण्यास संकोच करू नये.

विनोबांचे वडील नरहरपंत १९४७ च्या ऑक्टोबरात धुळ्यास वारले. त्यांच्या अस्थी गोदावरीत न सोडता भूमीत ठेवून त्यावर तुळस लावण्यात आली. विधी पाळणाऱ्याने तो श्रद्धेने पाळावा. न पाळणाऱ्याचे दुःख कमी आहे असे शेजाऱ्यांनी मात्र मानू नये. दुःखिताच्या घरी तेराव्यानंतरही जावे आणि गेलेल्या माणसाविषयी त्यास बोलू द्यावे.