चित्रकाराचें दप्तर

घरचीं खतपत्रें रुमालांत बांधून जपण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे. संगणकावर चित्रें काढून चरितार्थ चालविणाऱ्यांनीं तीच दक्षता बाळगावी, असें आम्हांस वाटतें.

१९९८ सालीं अमेरिकेंतील पिक्सार या संस्थेंत 'टॉय स्टोरी २' या चित्रपटाच्या बहुतेक फायली एका चुकीच्या आज्ञेनें पुसल्या गेल्या. राखीव प्रतीही निकामी निघाल्या. तेथील तंत्रज्ञ गॅलिन सस्मन या तान्ह्या मुलामुळें घरून काम करीत. त्यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीनेंच काम सांवरलें.

यास्तव फाइलीच्या नांवांत आधीं वर्ष, मग महिना व दिवस लिहावा, म्हणजे चित्रें आपोआप कालक्रमानें लागतात. मूळ चित्र 'टिफ'मध्यें ठेवावें. 'जेपेग' दर वेळीं नव्यानें जतन करतांना कांहीं तपशील नाहींसा होतो. प्रती ३ असाव्या, २ निरनिराळ्या साधनांवर, आणि त्यांतील १ घराबाहेर. त्या उघडतात कीं नाहीं, हें महिन्यांतून एकदां अवश्य पाहावें. पिक्सारमध्यें राखीव प्रती होत्या. त्या वेळेवर कोणीं तपासल्या नव्हत्या, एवढेंच.